थोडी थोडी बरी

सदतीस नंबरची बाई फोन उचलत नव्हती.

झिओनेनं सकाळपासून सहा वेळा लावून पाहिला. सहाही वेळा तोच बाईचा यंत्रातला आवाज, गोड आणि कोरडा: हा फोन सध्या बंद आहे. जिल्ह्याच्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीमागे एक चिंचोळी जागा होती, पूर्वी तिथे चादरी ठेवत. आता तिथे एक टेबल, एक खुर्ची आणि भिंतीला लावून वह्यांची चळत. एका रुग्णाची एक वही. वर नाव नाही, नुसता आकडा.

"काय झिओने, सापडली का तुझी सदतीस नंबरची राणी?" डॉक्टर म्सोसा दारातून डोकावले. डोक्यावरची हिरवी टोपी अजून तशीच होती.

"राणी रुसलीये, डॉक्टर."

"मग जा मनधरणी करायला. शुक्रवारी सगळ्या वह्या राजधानीला जायच्यात. तिसाव्या दिवसाचं पान कोरं राहिलं तर मला तिथे कान धरून उभं करतील."

"तुमच्या कानापर्यंत हात पोचायला त्यांना स्टूल लागेल."

म्सोसा हसले, हसता हसता जांभई दिली आणि गेले. कालपासून ते झोपले नव्हते. दीड वर्षं हे संशोधन चाललं होतं. पोट उघडून ऑपरेशन झालं, की ते शिवण्याआधी हातमोजे आणि हत्यारं बदलून नवी घ्यायची, की आधीच्याच हातमोज्यांनी शिवून टाकायचं? कुठल्या जखमा कमी चिघळतात? एवढंच शोधायचं होतं. कुठल्या रुग्णाला कुठली तऱ्हा, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवायची. जिथे नवे हातमोजे सहज मिळत नाहीत तिथे हा प्रश्न छोटा नसतो. शिवणं डॉक्टरांचं आणि विचारणं झिओनेचं. चौदाव्या दिवशी फोन करून विचारायचं, तिसाव्या दिवशी जखम डोळ्यांनी पाहायची.

तिनं सदतीसची वही पिशवीत टाकली. टाकताना चौदाव्या दिवसाचं पान उघडलं नाही. उघडायची गरजच नव्हती. त्या पानावर काय आहे ते तिला पाठ होतं, आणि काय नाही तेही.

चौदावा दिवस शनिवारी आला होता. बावीस फोन झाले होते, हा तेविसावा. फोनच्या बॅटरीची शेवटची काडी उरली होती. 'बरी' आणि 'बरी नाही' असे दोन चौकोन. 'बरी नाही'वर खूण केली की पुढची चार पानं भरायची, गाडीवाल्याला शोधायचं, रुग्णाला आणवायचं. आणि शनिवारी दुपारी गाडीवाला शोधणं म्हणजे धुक्यात शेळी शोधणं.

"कशा आहात?" झिओनेनं विचारलं होतं.

"बरी आहे सिस्टर. तुम्ही कशा आहात?"

"मी बरी. जखमेतून पू नाही, वास नाही, ताप नाही, सगळं ठीक ना?" चार प्रश्न तिनं एका दमात म्हटले, जपमाळ ओढावी तसे.

पलीकडे आधी वारा. मग कोंबडीचा आवाज. मग ती बाई म्हणाली, "हो सिस्टर… बरी आहे. थोडी थोडी बरी."

थोडी थोडी. त्या डोंगरांत माणूस मरणाच्या दारात असला तरी 'बरा नाही' म्हणत नाही. कुणी कसे आहात विचारलं तर बरेच म्हणायचं, ते तोंडाचं देणं असतं. दुखणं मागाहून येतं, हळूच, दारामागून लाजरं पोर यावं तसं: थोडं थोडं. ते ऐकलं की ऐकणाऱ्यानं चटई ओढून बसायचं आणि म्हणायचं, सांग, काय होतंय? झिओनेची आई असंच करायची, आजी असंच करायची. झिओनेनं 'बरी'वर खूण केली आणि चोविसावा नंबर फिरवला.

मिनीबस तिला बटाटेवाल्यांच्या चौकात सोडून गेली. पुढे कापेसी गावापर्यंत सायकलच. सायकलवाला पन्नाशीचा, डोक्याला लोकरीची टोपी, मागच्या सीटवर फुलाफुलांची उशी बांधलेली.

"इस्पितळाच्या का तुम्ही?"

"कशावरून?"

"बूट. आमच्या गावात इतके पांढरे बूट फक्त पाद्री घालतो, आणि तो तुमच्याहून जाड आहे. त्याला नेताना मी अर्ध्या चढाला उतरवतो. म्हणतो, फादर, आता प्रार्थना पायी करा."

झिओने हसली. जूनचा गार वारा डोंगरावरून उतरत होता. कापलेल्या मक्याची ताटं शेतात आडवी पडलेली. सायकलवाल्याच्या पाठीआड तिला वारा लागत नव्हता.

"कुणाकडे सोडू?"

"एनेलेसीकडे. एनिफाबाईंची मुलगी."

पायडल मारणारे पाय मंदावले. पुढच्या चढावर त्यानं तिला अर्ध्यात उतरवलंही नाही. गावाच्या तोंडाशी सायकल थांबवून त्यानं टोपी काढली. "सिस्टर," तो म्हणाला, "तुम्हाला कुणी कळवलं नाही वाटतं."

अंगणात एक बाई एकटीच उखळात मका कांडत होती. डोक्याचं मुंडण केलेलं, त्यावर आता पांढरे खुंट उगवलेले. कमरेला काळं कापड. झिओनेनं ते डोकं पाहिलं आणि ती अंगणाच्या कडेलाच थांबली. पण बाईनं मुसळ भिंतीला टेकवलं, घरातून चटई आणली, अंथरली. झिओने बसली. बाई समोर बसली, पाय एका बाजूला दुमडून. घराच्या उंबऱ्यात तीन वर्षांची एक मुलगी पपईची फोड खात होती.

"कशा आहात?" एनिफाबाईंनी विचारलं.

"बरी आहे, आमायी," झिओने म्हणाली; तिकडे आईच्या वयाच्या बाईला असंच म्हणतात. " तुम्ही कशा आहात?"

"आम्ही बरे आहोत," मुलीला पुरून आलेली आई म्हणाली.

तेवढं झाल्याशिवाय पुढचं बोलता येत नाही. झिओनेनं दोन्ही हात जोडून मान खाली घातली. "मला ठाऊक नव्हतं, आमायी."

"कसं असेल? तिचा फोन तिच्याबरोबरच बंद झाला. चार्ज करायला कोण नेतंय." बाईंनी काळ्या कापडाचा पदर सारखा केला. "तुम्ही त्या फोनवाल्या सिस्टर ना? आवाजावरून वाटलं."

"हो."

"ती इथेच बसली होती, तुम्ही बसलात तिथे. तुमचा फोन आला तर काय आनंद! इस्पितळातून आपल्याला फोन येतो म्हणजे काय! मी खुणा करत होते, वासाचं सांग, वासाचं सांग. तिनं फोन ठेवला तर मी चिडले. म्हटलं, गाढवी, बोललीस का नाही? तर मलाच म्हणते, 'आई, सांगितलं की मी. थोडी थोडी म्हणाले. सिस्टर आपल्याकडची आहे, तिला कळलं. आता गाडी पाठवतील.'"

उंबऱ्यातली मुलगी पपईची साल चाटत होती.

"दोन दिवस ती त्या टेकाडावर जाऊन बसायची, गाडी दिसते का बघायला. धूळ उडाली की म्हणायची, ती बघ. तर तो बटाट्याचा ट्रक. तिसऱ्या दिवशी उठवेना. पाचव्या दिवशी सायकलला खुर्ची बांधली आणि निघालो. पुलापाशी ती म्हणाली, आई, जरा थांबव." एनिफाबाई थांबल्या. "आम्ही थांबवली. मग पुढे जायचं कारणच उरलं नाही."

झिओनेनं पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तुमचा काही दोष नाही हो," बाईच म्हणाल्या. "या डोंगरावर लाइन अशीच. अर्धं ऐकू येतं, अर्धं वारा खातो. तिचं शेवटचं तुम्हाला ऐकूच आलं नसणार. मी सगळ्यांना तेच सांगितलं."

वाट उघडी होती. सोपी, उताराची. झिओनेनं नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. बाईला तेवढंच हवं होतं कदाचित. राग आला तर वाऱ्याचा यावा, माणसाचा नको. म्सोसांनाही तेच पटलं असतं. लाइन स्पष्ट नव्हती असं वहीत लिहिलं की कुणी पुढे विचारत नाही.

"आमायी," झिओने म्हणाली, "लाइन चांगली होती. मला कोंबडीसुद्धा ऐकू आली."

बाईंनी वर पाहिलं.

"मला ऐकू आलं. कळलंही. मला घाई होती."

वारा मक्याच्या कोंड्यावरून गेला, थोडा कोंडा उडून चटईवर आला. एनिफाबाई तो एकेक वेचू लागल्या. बराच वेळ वेचत राहिल्या.

"तिचं पोट कुठल्या हातमोज्यांनी शिवलं होतं?" त्यांनी अचानक विचारलं. "ती सांगायची, दोन तऱ्हा आहेत, पाकिटातून निघतं म्हणून. तिला कुठलं निघालं?"

"मला ठाऊक नाही. मला सांगत नाहीत."

"का?"

"ठाऊक असलं तर जखम बघताना माझा डोळा एका बाजूला कलेल. सरळ दिसावं म्हणून माझ्यापासून लपवतात."

"म्हणजे," एनिफाबाई हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सरळ दिसावं म्हणून त्यांनी एवढी पाकिटं बंद केली. आणि तुम्ही बघितलंच नाहीत."

त्या उठल्या. मुसळ उचललं. अर्धवट कांडलेला मका वाळून जाण्याआधी कांडायला हवा होता. मरण झालं तरी पीठ लागतंच. दण्. दण्. मग मुसळाच्या ठेक्यावर त्या गाऊ लागल्या. कांडताना बाई काय गाते त्याचा राग धरायचा नसतो, सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, मुखियानंही नाही. उखळापाशी बोललेलं उखळाचं. तिथे बसायचं आणि ऐकायचं.

थोडी थोडी बरी
म्हणे माझी लेक
शब्द होता एक
ऐकला कुणी

डोंगराच्या माथी
उभी दोन दिस
डोळा कासावीस
वाटेकडे

पांढऱ्या बुटांची
आली गं पाहुणी
माती झाली जुनी
तेव्हा आली

झिओने बसून राहिली. उठून जावंसं वाटलं तेव्हाही बसून राहिली. मुलगी उंबऱ्यातून उतरली, तिच्याजवळ आली, तिच्या बुटावर चिकट बोट फिरवून पाहिलं. आजीचं गाणं कुणाबद्दल आहे ते तिला कळत नव्हतं. तिनंही मान हलवत ठेका धरला, दण्, दण्.

मका संपला. एनिफाबाई हातानं घाम पुसून पुन्हा चटईवर बसल्या. गळ्यातून काहीतरी निघून गेल्यासारखा त्यांचा आवाज आता मऊ होता, पण डोळे नव्हते.

"लिहायला आलात ना? लिहा."

झिओनेनं वही काढली. तिसाव्या दिवसाचं पान लहानसंच भरायचं होतं आता. तारीख. मृत्यूचा ठरलेला एक आकडा. पुढच्या सगळ्या प्रश्नांपुढे 'लागू नाही'. मग तिनं मागची पानं उलटली. चौदावा दिवस. 'बरी'वरची तिची खूण, ठसठशीत, घाईनं तिरकी झालेली.

तिनं त्या खुणेवर एक आडवी रेघ मारली.

"पुसलंत?" बाईंनी मान पुढे केली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पेन कुठे चाललंय ते दिसत होतं.

"नाही, आमायी. या वह्यांत पुसायचं नसतं. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला नाव आणि तारीख घालायची."

"म्हणजे तुमचं चुकलेलं दिसत राहणार."

"हो."

"साहेब लोक बघणार."

"बघतील. विचारतील." कामावर ठेवतील की काढतील, ते झिओने बोलली नाही. घरी दोन पोरं होती, त्यांच्या शाळेचा विचार एकदा मनात येऊन गेला. तिनं रेघेच्या बाजूला आपलं नाव लिहिलं, तारीख घातली आणि समासात, जागा अपुरी म्हणून बारीक अक्षरात, आणखी काही लिहिलं.

"तिथे काय लिहिलंत?"

"एनेलेसी काय म्हणाली ते."

"वाचा."

झिओनेनं वाचलं. "'थोडी थोडी बरी' असं रुग्ण म्हणाली. मी ऐकलं. पुढे विचारलं नाही."

एनिफाबाई पानाकडे पाहत राहिल्या. नाव लिहायला न शिकलेल्या मुलीचं बोलणं कागदावर कुठेच नव्हतं. ना जन्माच्या कागदावर, ना लग्नाच्या. हे तीन शब्द तेवढे तिथे होते, समासात, दुसऱ्याच्या अक्षरात.

"पुढचं तुमचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "नुसतं तिचं वाचा. आणि 'म्हणाली' नको."

"मग?"

"'म्हणते' म्हणा."

झिओनेनं समासावर बोट ठेवलं. मुलगी आजीच्या मांडीवर येऊन टेकली आणि दोघी तिच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

"थोडी थोडी बरी," झिओनेनं वाचलं, "म्हणते."