लाल टोपडी, नग चाळीस

माझी आत्या बाळांची टोपडी शिवायची. एका सकाळी तिच्या दुकानात लष्करी भांडाराचे स्टोअरकीपर आले आणि त्यांनी पाकिटातून एक विटलेली लाल टोपी काढली.

"अगदी अश्शा चाळीस हव्यात. सोमवारी तपासणी आहे."

आत्यानं टोपी मुठीवर चढवून पाहिली. "एवढंसं डोकं? बाळ अपुऱ्या दिवसांचं आहे का हो?"

"ते सांगता येत नाही."

"बरं, वजन?"

"पंच्याऐंशी किलो," ते बोलून गेले आणि जीभ चावली.

आत्या कात्री खाली ठेवून त्यांच्याकडे बघतच राहिली. शेवटी त्यांना सांगावंच लागलं. ही टोपी क्षेपणास्त्राची होती. ते विमानाच्या पंखाखाली टांगतात. सोडलं की शत्रूच्या विमानाची धग हुंगत त्याच्या मागे लागतं. नाकावर काच असते, तोच त्याचा डोळा. काचेवर ओरखडा नको म्हणून टोपी, ती उड्डाणाआधी काढायची. भांडारात सुटे भाग पोत्यानं होते, पंख, कड्या, स्क्रू, सगळं. फक्त टोप्या संपल्या होत्या आणि त्या बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता.

आत्यानं दोन दिवसांत चाळीस टोप्या शिवून दिल्या. तिसऱ्या दिवशी स्टोअरकीपर गठ्ठा घेऊन परत हजर.

"एकही बसत नाही हो!"

आत्यानं जुनी टोपी उलटी करून शिवण चाचपली. "ही आटलीय. कुणी धुतली?"

स्टोअरकीपर खाली बघत म्हणाले, "मळकी टोपी तुमच्याकडे कशी आणायची, म्हणून बायकोनं गरम पाण्यातून काढली."

"धन्य आहे! आता गिऱ्हाईक दाखवा. अंगावर माप घेतल्याशिवाय मी कापडाला कात्री लावायची नाही."

सात सह्या गोळा झाल्या तेव्हा कुठे आत्या भांडारात शिरली. लांबलचक पेटीत ते पांढरंशुभ्र धूड निजलं होतं. आत्यानं गळ्यातली टेप काढली, नाकाचा घेर मोजला, काचेवरून अलगद बोट फिरवलं. "आतून मऊ फ्लॅनेल लावते," ती म्हणाली. पहाऱ्यावरचा शिपाई हसू दाबत भिंतीकडे वळला.

रविवारी संध्याकाळी टोप्या पोचल्या. सगळ्या अचूक बसल्या. पण हाताच्या सवयीनं आत्यानं प्रत्येक टोपीच्या शेंड्यावर लोकरीचा गोंडा लावला होता! आता चाळीस गोंडे उसवायला वेळ कुठला?

सोमवारी तपासणी अधिकारी क्षेपणास्त्रांच्या रांगेसमोर थबकले.

"हे काय आहे?"

"गोंडा, साहेब."

"ते दिसतंय मला. कशासाठी?"

स्टोअरकीपरनी गोंडा चिमटीत धरला. "ओढायला, साहेब. जाड हातमोजे घातले की टोपी बोटांत सापडत नाही."

अधिकाऱ्यांनी हातमोजे मागवले, घातले, गोंडा धरून ओढला. टोपी झटक्यात हातात आली. त्यांनी ती परत चढवली आणि पुन्हा ओढली. तीनदा. मग वहीत नोंद केली.

महिन्याभरानं दुसऱ्या भांडारातून आत्याला पत्र आलं. त्यावर मोठा शिक्का होता आणि खाली मागणी: 'गोंडा, लाल, लोकरी, नग दोनशे. टोप्या आमच्याकडे आहेत.'

आत्यानं पत्र दोनदा वाचलं आणि मला लोकर आणायला पिटाळलं.