चर्चा करावी

सरकारी कागद पायरी पायरीनं वर जातो, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर हर्षाली खैरनार बसायची. गंगापूर रोडजवळच्या एका कार्यालयात ती विश्लेषक होती. गावोगावच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे वाचायचे आणि कुठलं पाणी धोक्याचं ते लिहून वर पाठवायचं, एवढंच तिचं काम. गावाला कळवायचं ते साहेबांनी. त्यात नाक खुपसायचं नाही, हे अधीक्षक बोरसेंनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं.

सोमवारी पेठकडच्या एका पाड्याचे आकडे आले. विहिरीत घाण उतरली होती. तिनं टिपणी लिहिली, विहीर आजच बंद करावी, आणि 'आजच'खाली दोन रेघा ओढल्या. संध्याकाळी फाईल मोठ्या साहेबांकडून परत आली. समासात हिरव्या शाईचे दोन शब्द होते: चर्चा करावी.

त्याचा अर्थ शिपायालाही ठाऊक होता. सही करायची नसली की साहेब चर्चेला बोलवत आणि भेटत मात्र नसत. जिल्ह्यात एकही विहीर दूषित नाही, असं त्यांनी गेल्याच महिन्यात मुंबईला कळवून टाकलं होतं. हर्षाली मंगळवारी केबिनबाहेर बसली, बुधवारी बसली. साहेब मीटिंगमध्ये होते.

बुधवारी दुपारी भागीबाईचा फोन आला. पाड्यावरून बाटलीत पाणी भरून पाठवायची ती हीच. दोघांना जुलाब लागले होते. डोंगराखाली झरा होता, पण जाऊन यायला दोन तास लागत.

"मॅडम, इहिरीचा पाणी पेवाचा का नाय, तेवढा सांगा."

शेजारच्या टेबलावर बोरसेंचं पेन थांबलं. हर्षालीची नोकरी पक्की व्हायला दोनच महिने उरले होते.

"अहवाल वर गेलाय," ती म्हणाली. "साहेब कळवतील."

भागीबाईनं बिचारीनं सरळ अर्थ घेतला. पाणी वाईट असतं तर मॅडमनी सांगितलंच असतं.

शनिवारी तिची सून आशा दगावली.

सोमवारी हर्षालीला नोटीस आली. लेखी आदेश असूनही चर्चा का केली नाही, याचा खुलासा करावा. त्या दोन शब्दांनी साहेब अलगद सुटले होते. बोरसे तसे वाईट नव्हते, त्यांनी खुलासा स्वतःच लिहून दिला. ती केबिनबाहेर किती वाजता बसली, किती वाजता उठली, सगळं होतं. फोनचं तेवढं नको, ते म्हणाले, कोणी विचारलेलं नाही. खुलाशातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. हर्षालीला स्वतःची किळस आली, तरी तिनं सही केली.

दुपारी भागीबाईचा पुन्हा फोन आला. विहिरीकडे अजून कोणी फिरकलं नव्हतं. तिनं तेच विचारलं, हळू आवाजात.

"पिऊ नका," हर्षाली म्हणाली. या वेळी तिनं बोरसेंकडे पाहिलं नाही. "गेल्या सोमवारपासूनच प्यायचं नव्हतं."

भागीबाईनं एवढंच विचारलं:

"तुमाला ठाव होता?"

हर्षाली हो म्हणाली.