काचेखालचा पत्रा

आमच्या बाबांना कुठलीही वस्तू चकचकीत केल्याशिवाय चैन पडत नाही. घरातल्या कड्या, पातेल्यांचे काठ, माझ्या जुन्या सायकलची घंटा, सगळ्यांत तोंड दिसतं. आई म्हणते, लग्नानंतर वर्षभर मी धास्तीत होते, हा माणूस मलाही एकदा पॉलिश करून घेणार म्हणून.

बस बांधण्याच्या कारखान्यात ते तीस वर्षं पॉलिशचं काम करतात. मी बस चालवते. यंदा त्यांच्याकडे पहिल्यांदाच सगळी स्टेनलेस स्टीलची बस तयार झाली. गंज नाही, रंगाची कटकट नाही. दांडे, पायऱ्या, सीटच्या पाठी, सगळं स्टील. त्यात स्टिअरिंगच्या पुढचा, समोरच्या काचेखालचा रुंद पत्रा बाबांनी एकट्याने केला. आधी खरखरीत कागदाने घासला, मग कापडी चाकावर उजळला. नऊ दिवस लागले. मोठे साहेब त्यात बघून भांग सारखा करून गेले आणि म्हणाले, पुढच्या चाळीस बस अशाच हव्यात, तुमच्याच देखरेखीखाली. बाबांना निवृत्त होण्याआधी हेच हवं होतं. मग बस चाचणीसाठी आमच्या डेपोत आली आणि चाचणीचा कागद भरणं नेमकं माझ्या गळ्यात पडलं.

तीन दिवस ढगाळ गेले. चौथ्या दिवशी ऊन पडलं. दुपारी साडेचारला एका वळणावर ते ऊन पत्र्यावरून थेट माझ्या डोळ्यांत आलं. समोर सगळं पांढरंफटक. मी ब्रेक दाबला तो नुसत्या सवयीने. बस थांबल्यावर दिसलं, दोन हातांवर एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होती. तिला काही कळलंही नाही.

जेवताना मी सांगितलं. बाबा म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं, काळा चष्मा लाव. मीही त्यांचीच मुलगी. म्हटलं, चाळीस ड्रायव्हरांना चष्मे तुम्हीच वाटा. ते ताट घेऊन उठले. आई म्हणाली, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

दोन दिवस कागद कोरा राहिला. खरं लिहिलं तर बाबांच्या हातातलं काम जाणार होतं, न लिहिलं तर कुणाचा तरी जीव. लिहिणार तर मी होतेच, पण त्यांच्या पाठीमागे लिहायला मन धजेना.

सुटीच्या दिवशी त्यांना डेपोत बोलावलं. कुरकुरत का होईना, आले. साडेचारला मी बस उन्हाकडे तोंड करून उभी केली, किल्ली खिशात टाकली आणि त्यांना माझ्या जागेवर बसवलं. इतक्या बसना हात लावलेला हा माणूस ड्रायव्हरच्या सीटवर कधी बसलाच नव्हता. आधी पत्र्यावरून बोट फिरवून खूश झाले. मी खाली उतरले आणि बससमोर पाच-सहा पावलांवर जाऊन उभी राहिले.

बऱ्याच वेळाने बाजूच्या खिडकीतून हाक आली.

"अगं, गेलीस कुठे?"

"इथेच आहे, बाबा. तुमच्या समोर."

मग ते हळूहळू खाली उतरले. मी उभी होते ती जागा बघितली, वळून बसची काच बघितली. चेहरा पार उतरला होता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असलं काही ते कधी करत नाहीत, त्यामुळे मला एकदम रडू आलं.

"खरखरीत कागद आहे का इथे?" त्यांनी विचारलं.

वर्कशॉपमधून आणून दिला. मी म्हटलं, आधी साहेबांना विचारा, त्यांना चकाकीच आवडली आहे. बाबा म्हणाले, साहेब त्या सीटवर बसत नाहीत. मग मला समजावत राहिले की चकाकी आणण्यापेक्षा ती घालवणं अवघड काम आहे. उजळताना चुकलं तर पुन्हा घासता येतं, पण इथे कागदाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात जायला हवी, मध्ये हात थांबला की तिथे डाग उमटतो.

बसमध्ये चढून ते पत्र्यावर वाकले. त्यात त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, भुवईवरच्या तिळासकट. थोडा वेळ त्यांनी स्वतःकडे बघितलं आणि पहिली रेघ त्याच्यावरूनच ओढली. हात मध्ये कुठेही थांबला नाही.