फवारणीनंतरची सकाळ

शेवटची माशी पेटीत गेल्यावरच फवारायचं, असं दोघी जावांचं ठरलेलं होतं. खरबुजाचा मळा थोरलीचा, बांधावरच्या सात मधपेट्या धाकटीच्या. थोरली शब्दाची पक्की. काल दिवस मावळल्यावरच तिने पंप पाठीला लावला, पण टोमणा मारल्याशिवाय राहवतंय कुठलं! "माश्यांचा रुबाब बघा! त्या निजल्याशिवाय मी कामाला हात लावायचा नाही."

धाकटीने हसत पेट्यांच्या दारांना जाळ्या लावल्या. आणि आज उजाडताच, नेहमीसारख्या, स्वतःच्या हाताने काढल्या.

नऊच्या सुमारास तिची चार वर्षांची लेक तळहातावर एक माशी घेऊन आली. "आई, हिची जीभ बाहेर आलीय."

धाकटी धावत सुटली. पेट्यांपुढे माश्या उताण्या पडून गरगरत होत्या. मळ्यातून परतलेल्या दाराशीच कोसळत होत्या. राखणदार माश्या त्यांना ढकलून देत होत्या. तिने घाईघाईने जाळ्या लावल्या. शेवटच्या दोन पेट्या सावलीतल्या, तिथल्या माश्या उशिरा निघतात. तेवढ्या वाचल्या. बाकी पाचांना कान लावला, तर आत नुसती कुजबुज.

थोरलीही आली, घामाघूम. "लेकरांची शपथ गं, अंधार पडल्यावरच मारलं."

"माहीत आहे, ताई. बाटली कुठाय?"

बाटलीवर मुंगीएवढी अक्षरं. औषध फुलात मुरतं, तीन दिवस माश्या सोडू नयेत.

"दुकानदार म्हणाला, रात्री मारलं की सकाळी काही नाही. मला हे चष्मा लावूनही दिसत नाही."

"मला दिसतं," धाकटी म्हणाली. "पण मी बाटली मागितलीच नाही."

तीन दिवस कोंडल्या तर या उन्हात पोळी वितळतील. सोडल्या तर समोर मळा त्याच विषारी फुलांनी पिवळाधमक.

"या दोन भावाकडे नेते. आजच."

"आणि माझी फुलं?" थोरलीने विचारलं. माश्यांशिवाय खरबूज धरत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

धाकटीने भावाला फोन लावला.

संध्याकाळी टेम्पो आला. थोरली न बोलावता आली, पेटीची दुसरी बाजू तिने उचलली.

"हळू, ताई. वाकडी नका करू."

दोन्ही पेट्या चढल्या. धाकटीने दोर आवळला.

"परत आणशील ना गं?"

"पुन्हा हेच मारणार का तुम्ही?"

"पानांची चाळण झालीय. किडीला काय हात जोडू? तूच सांग."

धाकटीने टेम्पोत बसून लेकीला मांडीवर घेतलं. बांधावर उरलेल्या पाच पेट्यांकडे तिने बघितलं नाही. टेम्पो सुरू झाला, तरी थोरलीचा हात त्याच्या मागच्या फळीवरून निघत नव्हता.