अकरा कड्यांची साक्ष

मी कडी बोलतेय. दाराची, आतल्या बाजूची. बाहेरच्या कडीला कुलूप लावून मिरवता येतं, मला मात्र फक्त घरची माणसंच ओळखतात. आणि त्याचा मला भारी अभिमान आहे.

गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या लोहाराने मला घडवलं. घाईघाईत ठोकल्यामुळे माझी कंबर जराशी वाकडीच राहिली. शिंपीणकाकू लग्न होऊन आल्या, त्याच आठवड्यात मी या दारावर चढले. काका गेले, तेव्हा काकूंनी एकटीने शिलाई मशीन चालवून घर उभं ठेवलं. त्यांच्या बोटांच्या घासण्याने मी आरशासारखी लखलखते.

आमच्या गल्लीतल्या अकरा घरांत दिवसा कडी लावायची पद्धतच नाही. कुणीही कुणाकडे शिरावं, सुई मागावी, आणि तासभर गप्पा मारून सुई तिथेच विसरून जावं. म्हणजे मला दिवसभर सुट्टी!

हा मोकळेपणाच आमच्या अंगाशी आला. काकूंना नाटकाच्या पडद्याचं काम मिळालं होतं. कापड एवढं अफाट, की ते ताणून धरायला अख्खी गल्ली मागच्या मैदानात गेली. नेमका तेव्हाच मोजणीवाला आला. नव्या बाजाराच्या गाड्या उभ्या करायला सरकारला आमची जागा हवी होती. अकराही दारं सताड उघडी आणि आत चिटपाखरू नाही. बिचारा हाका मारून दमला, काकूंच्या माठातलं पाणी प्यायला आणि वहीत लिहून गेला, 'घरे रिकामी, वापरात नाहीत.' मी सगळं बघत होते, पण कडीला विचारतंय कोण!

मग नोटीस आली. सार्वजनिक हितासाठी घरं ताब्यात घेणार म्हणे, हरकत असेल तर सुनावणीला या. मोबदल्याचं पान काकूंनी उलटूनही पाहिलं नाही. विकायला काढलंय कुणी, एवढंच त्या म्हणाल्या आणि रात्री जेवल्या नाहीत. सकाळी लोहार पेचकस घेऊन आला. कागदाला कागदाने उत्तर देत बसलो तर आपला निभाव लागणार नाही, असं त्याचं म्हणणं. मग काय, अकरा घरांच्या अकरा कड्या उतरल्या आणि आम्ही पिशवीत खणखणत सुनावणीला निघालो. आयुष्यातली माझी पहिली सहल!

काकूंनी आम्हाला अधिकारी बाईंच्या टेबलावर मांडलं.

"बाई, रिकाम्या घरातल्या कड्या गंजतात. या बघा, आमच्या हातांनी झिजल्यात. दार उघडं ठेवायचं की लावायचं, हे मी ठरवते, म्हणून ते घर माझं. तेही दुसऱ्यानेच ठरवलं, तर मी माझ्याच घरात पाहुणी."

बाईंनी माझ्या वाकड्या कंबरेवरून बोट फिरवलं आणि मोजणीवाल्याकडे पाहिलं. तो मान खाली घालून हळूच म्हणाला, "माठातलं पाणी गार होतं, बाई. सकाळीच भरलेलं असणार."

सगळं दालन हसलं. बाईसुद्धा हसल्या. त्याच संध्याकाळी लोहाराने आम्हाला परत बसवलं आणि ते करताना प्रत्येक घरात दोनदा चहा घेतला. पुन्हा तपासणी झाली आणि महिन्याभरात आमची गल्ली त्या यादीतून वगळल्याचं पत्र आलं.

पत्र घेऊन मोजणीवालाच आला होता. दार उघडंच होतं, तरी तो उंबऱ्याबाहेर थांबला. "काकू, आत येऊ का?"

काकू उठल्या आणि त्याच्या तोंडावर दार लावून त्यांनी मला खळ्ळकन अडकवलं. भर दुपारी! मीही चक्रावले. क्षणभराने त्यांनी मला काढलं, दार उघडलं आणि हसत म्हणाल्या, "या आता. लागते का, ते बघत होते."

मी लागते, बाबांनो. अजून घट्ट लागते. तुम्हीही या कधीतरी आमच्याकडे, माठ भरलेला असतो. फक्त उंबऱ्यावर थांबून एकदा विचारा. काकू हो म्हणतील, आणि मी दिवसभर मजेत लोंबकळत राहीन.