अक्रोड आणि बर्च

कुसिवारा गावच्या संग्रहालयात रशियाशी झालेल्या युद्धातली एक बंदूक आहे. तिच्याखाली पूर्वी एक पाटी असे: ‘लाकूडकाम – ओट्टो तुरुनेन, सुतार, याच गावचे.’ ती पाटी माझ्यामुळे निघाली.

मी लाकडाची तपासणी करते. दोन वर्षांपूर्वी संग्रहालयाच्या मंडळाने माझ्याकडे त्या पाटीची खात्री करून मागितली होती. बंदुकीच्या लाकडी दस्त्याच्या मागच्या टोकाची लोखंडी पट्टी काढून, जिथे दिसणार नाही तिथून मी एक बारीक चकती घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली ते लाकूड अक्रोडाचं निघालं. आमच्याकडच्या थंडीत अक्रोड वाढत नाही. ‘संपूर्ण दस्ता रशियन’ असं मी लिहून दिलं.

मंडळाच्या बैठकीत ओट्टोची मुलगी अल्ली उठून उभी राहिली. तेव्हा ती शहाऐंशी वर्षांची होती.

“माझ्या बापाच्या हातचं लाकूड मला कळत नाही होय?”

“लहानपणीच्या आठवणी अशाच असतात, मावशी,” मी म्हणाले. लोक हसले. मीही हसले. अल्ली बैठकीतून उठून गेली, आणि त्यानंतर ती संग्रहालयात आली नाही.

गेल्या मंगळवारी देखभाल करणाऱ्या काउकोचा फोन आला. “मॅडम, बंदूक साफ करायला खोललीय. हातातलं काम टाकून या.”

त्याने नळी वेगळी करून ठेवली होती. दस्त्याच्या नळीखालच्या भागात, लोखंडी कडीच्या आत, एक सांधा होता. दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसे दोन तुकडे बसवलेले. वरून डांबराचं काळं रोगण.

“आमच्या नेमबाजी मंडळात कुणीही आधी इथे बघतो,” काउको म्हणाला. “तुम्ही कडी काढलीच नव्हती?”

“नाही.”

“एवढं मोठं यंत्र, आणि एक स्क्रू नाही फिरवला!”

मी पुढच्या तुकड्याची चकती घेतली. लाकडातल्या पाणी वाहणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांत शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या पट्ट्या दिसल्या. बर्च, आमच्याच रानातलं झाड. मी तीनदा पाहिलं. तीनदा बघण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल्लीकडे गेले. तिने कॉफी ओतली, वेलचीचा पाव कापला आणि माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं.

“मागचं रशियनच होतं की,” ती म्हणाली. “लढाईतून मोडक्या बंदुका गाड्या भरून यायच्या. बाबा फुटलेलं पुढचं टोक कापून नवं जोडायचे. सरस वाळेपर्यंत मी शेगडीजवळ बसायचे.”

“मग त्या दिवशी हे का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस?”

लाकडाला मी दोन चकत्यांत बोलतं केलं होतं. या बाईला एक प्रश्न विचारला नव्हता.

“हे त्यांनीच जोडलं, हे मला सिद्ध करता येणार नाही,” मी म्हणाले. “बर्च आहे एवढंच सांगता येतं.”

“तेवढं सांग. बाकीचं मी सांगते.”

तिच्या टेबलावरच मी मंडळाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तिने चष्मा लावून वाचलं.

“‘नमुना अपुरा होता’ म्हणजे?”

“एकाच जागचा घेतला होता.”

“ते लाकडाचं झालं. हसलीस, ते कुठे आहे?”

“असं अहवालात लिहीत नाहीत, मावशी.”

“मी पण बैठकीतून अशी उठून जात नसते. आयुष्यात एकदाच गेले.”

मी कागद ओढून घेतला, ‘अपुरा’ची ओळ खोडली आणि लिहिलं: ‘अल्लीबाईंना काही न विचारता मी निष्कर्ष काढला, आणि सगळ्यांसमोर त्यांना हसले.’ हे वाक्य पुढच्या बैठकीत मलाच वाचायचं होतं. अल्लीने कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला.

“अक्षर मोठं काढ,” ती म्हणाली. “वाचताना अडखळशील.”