ही बाजू वर

मी एक जुनी फळी आहे. सागाची नव्हे, शिसवाची तर नव्हेच. परदेशातून यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येतात, त्यातल्या एका खोक्याची पिवळट, गाठीगाठींची फळी. सुतार मला बघून नाक मुरडतात. मुरडू द्या बापडे! मित्रांनो, माझ्या अंगावर जेवढे निबंध जन्माला आले तेवढे एखाद्या सागवानी टेबलावरही आले नसतील. पण त्यातला एक जन्मायला नको होता, आणि एक जन्मलाच नाही. तेवढं सांगायलाच आज तोंड उघडलं आहे.

माझं झाड कुठल्या थंड मुलखात होतं ते मला आठवत नाही. आठवतं ते चाकण. तिथल्या एका कंपनीत मला पहारीने उचकटलं. खिळे निघाले तेव्हा असं दुखलं, की सांगता सोय नाही. आतलं यंत्र सगळ्यांनी हात लावून पाहिलं, मला मात्र भंगारात टाकलं. माझ्यावर तीन चित्रं छापलेली होती: एक पेला, एक छत्री आणि दोन बाण.

पॅकिंग खात्यात बुद्धभूषण नावाचा माणूस होता. परभणीकडचा, ठेक्यावरचा. त्याने रीतसर गेटपास काढून मला मागून घेतलं आणि दुचाकीला बांधून भोसरीला आपल्या भाड्याच्या खोलीत आणलं. शेजारच्या खंडू मिस्त्रीने माझ्याच दोन्ही टोकांचे तुकडे कापले, त्यांचे पाय करून मला ठोकले आणि माझं बैठं टेबल झालं.

बुद्धभूषण ते पाहून हसला. "मिस्त्री, बाण उलटे केलेत की राव! बसणाऱ्याच्या पोटाकडं आलेत."

"उलटे कुठं? लेकीकडं हायेत," खंडू मिस्त्री म्हणाला. "तीच वर जाणार हाय न्हवं?"

ही लेक म्हणजे अंजली. तेव्हा ती पाचवीत होती. पहिल्याच दिवशी तिने माझ्या चित्रांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "पप्पा, हे काय?" पप्पांनी सांगितलं, "पेला म्हंजी जपून उचला. छत्री म्हंजी भिजवू नका. आन् बाण म्हंजी ही बाजू वर. आमी रोज हेच छापतो, बाळा."

अंजलीच्या शाळेत मिनल मॅडम मराठी शिकवायच्या. बाई चांगल्या होत्या हो, उगाच कशाला खोटं बोलू? त्यांचं सांगणं असं की, विषय मिळाला की लगेच वही उघडायची नाही. आधी सुचतील ते मुद्दे काढायचे, मग निम्मे खोडायचे. उरलेल्यांत जो फक्त आपल्यालाच ठाऊक आहे तो धरायचा, आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे चालायचं. शेवटी उपदेश करायचा नाही, गोष्ट संपली की थांबायचं.

अंजली हे मुद्दे माझ्यावरच पेन्सिलीने लिहायची. जो मुद्दा पक्का होईल त्याच्या शेजारी एक बाण काढायची आणि पुटपुटायची, "ही बाजू वर." निबंध वहीत उतरला की ओल्या फडक्याने मला पुसून काढायची. छत्रीचं चित्र असलेल्या फळीला रोज ओलं फडकं! पण मी एका शब्दाने कुरकुरले नाही.

'माझा आवडता प्राणी' हा विषय आला तेव्हा साऱ्या वर्गाने गाय नाहीतर कुत्रा लिहिला. अंजलीने बाण काढला तो ट्यूबलाइटमागच्या पालीला. "ही आमच्याबरोबर राहते आणि भाडं देत नाही," अशी तिने सुरुवात केली. मॅडमनी तो निबंध साऱ्या वर्गाला वाचून दाखवला. त्या दिवशी बुद्धभूषणने येताना जिलेबी आणली आणि पुडा माझ्यावरच सोडला. ते तेलाचे डाग अजून आहेत. माझ्या सुखाचा पुरावा विचाराल तर तेवढाच.

मग अंजली आठवीत असताना पप्पांना ब्रेक मिळाला.

हा शब्द नीट समजून घ्या, मित्रांनो. इकडे ठेक्यावरच्या माणसाला काही महिने झाले की ब्रेक देतात. म्हणजे उद्यापासून येऊ नको, बोलावू तेव्हा ये. आधीही दोनदा मिळाला होता आणि दोन्ही वेळा सुपरवायझरचा फोन आला होता. या वेळी फोन येईना. मोबाइल वाजला की अंजलीची आई गॅस बारीक करून कान द्यायची. काम लागलं नाही तर गावी भावाकडे जायचं, असं दोघांचं ठरलेलं होतं. गावी जायचं म्हणजे अंजलीची ही शाळा सुटणार. ती तर अंगात ताप असला तरी शाळा बुडू देत नसे.

एके दिवशी बुद्धभूषण म्हणाला, "इथंच एका वर्कशॉपात लागलं काम." घर केवढं हलकं झालं! रोज सकाळी तो डबा घेऊन निघायचा, संध्याकाळी यायचा. हात मात्र स्वच्छ असायचे. वर्कशॉपातून येणाऱ्याचे हात असे नसतात, हे मला कळत होतं. पण लाकडाला कोण विचारतो?

दिवाळीची सुट्टी संपली आणि मॅडमनी विषय दिला, 'सुट्टीतील एक दिवस'. अंजली माझ्यावर वाकली आणि मुद्दे लिहू लागली. 'मैत्रिणीकडे बसने मोशीला गेले. खिडकीतून पप्पा दिसले. बसथांब्यावर एकटे बसून डबा खात होते. वर्कशॉप नाही. मी हाक मारली नाही.' या शेवटच्या वाक्याशी तिने बाण काढला. बाण काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

आई मागे येऊन कधी उभी राहिली ते कळलंच नाही. वाचून ती अंजलीशेजारी बसली. म्हणाली, "हे लिहू नको गं माय. वर्गात वाचतील. पप्पाला काय वाटंल?"

अंजलीने मला पुसलं. एवढ्या जोराने कधी पुसलं नव्हतं. मग वहीत लिहिलं: 'माझ्या पप्पांना ब्रेक मिळाला. मग आम्ही सगळे मोशीला फिरायला गेलो. बसथांब्यावर बसून एकाच डब्यात जेवलो. खूप मजा आली.' मित्रांनो, तिने जे पाहिलं ते लिहिलं नाही, जे व्हायला हवं होतं ते लिहिलं.

वही तपासून आली. खाली लाल अक्षरांत शेरा होता: 'वा! पप्पांना ब्रेक मिळाला आणि छान सहल झाली. नशीबवान आहेस!'

बुद्धभूषणने कौतुकाने वही घेतली, माझ्यावर ठेवून वाचली. वाचता वाचता त्याचं बोट 'मोशी' या शब्दावर थांबलं. त्या बोटाचा भार मला अजून जाणवतो.

"बसमधून दिसलो व्हय गं?" त्याने हळूच विचारलं.

अंजलीने मान डोलावली.

"मग हाक कामून मारली न्हाईस?"

"तुम्ही जेवत होता, पप्पा."

तो उठून दारात जाऊन उभा राहिला, पाठमोरा. दुसऱ्या दिवशी त्याने डबा घेतला नाही. ज्यांच्यासाठी सोंग आणलं होतं त्यांनाच ते ठाऊक झालं, मग कुणासाठी निघायचं? आईने शाळेतून अंजलीचा दाखला काढला. टेम्पोत भांडी चढली, गाद्या चढल्या. मला जागा नव्हती. सामान भरताना अंजली एकदा आत आली, माझ्यापाशी बसली आणि दाबून दाबून काहीतरी लिहून गेली. या वेळी पेन्सिलीने नाही, बॉलपेनने.

दाखल्यावरून अंजलीने शाळा सोडल्याचं मिनल मॅडमना कळलं. दोन दिवसांनी त्या खोली शोधत आल्या. घरमालकीण कौशल्याबाई दारातच होत्या. "अंजली? ती तर गेली की परवाच. बापाला काम न्हाई, काय करत्याल?"

"पण त्यांना तर ब्रेक..." मॅडम म्हणाल्या.

"ब्रेकच की वो! कंपनीनं घरी बसवलं म्हंजी ब्रेक. तुमाला काय वाटलं?"

मॅडम आत आल्या. कौशल्याबाईंनी माझ्यावर पाण्याचा जार ठेवला होता. तो मॅडमनी बाजूला केला आणि वाचलं. एकच मुद्दा होता, शेजारी बाण: 'ब्रेक म्हणजे सुट्टी नाही, मॅडम.'

सवयीने त्यांनी पर्समधून लाल पेन काढलं, टोपण उघडलं. माझ्या अंगावर ते कितीतरी वेळ तसंच धरून बसल्या. मग टोपण लावलं आणि डोळ्यांना पदर लावत निघून गेल्या. त्यांनी काही लिहिलं नाही.

मित्रांनो, मुद्दे काढाल तेव्हा जो पुसून टाकावासा वाटेल, त्याच्यापाशी जरा थांबा. आणि दुसऱ्याचा निबंध वाचाल तेव्हा एखादा शब्द अडला तर विचारा, लाजू नका. आपल्याला शब्द कळला असं वाटतं तिथेही विचारा. माझ्यावर पुन्हा जार आला आहे. खालून पाणी झिरपतं, छत्री कधीच पुसली गेली, पेलाही फिकटला. बाण तेवढे शाबूत आहेत. अंजली बसायची त्या जागेकडेच आहेत ते अजून. तिथे आता कुणी बसत नाही.